माळवदावरची माती

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षातील व्याख्यानाचा मजकूर. छापताना थोडी काटछाट केली आहे. बोलण्याची भाषा मात्र तशीच ठेवली आहे.)



कमिटीनं मला सांगितलं, "तुम्ही आयुष्यभर बांधकाम खात्यात काढलंत, घराविषयी काहीतरी बोला." मी विचारलं, कोणत्या घराविषयी? तर म्हणाले, "तुमच्या डोंगरकड्याच्या घराविषयी बोला. मुलांना माळवद म्हणजे काय ते माहीत नाही." म्हणून आज माळवदाच्या घराविषयी बोलतो. शेवटी मात्र आपल्या गच्चीवर येणार आहे, हे आधीच सांगून ठेवतो. आणि तिथं तुमच्याकडं एक मागणंही आहे.

इथं बसलेल्यांपैकी अर्ध्याअधिक घरांचं मूळ गाव कुठंतरी आहे. कुणाचं हदगाव, कुणाचं वसमत, कुणाचं किनवट. माझं डोंगरकडा. नांदेडहून अर्धापूरमार्गे हिंगोलीच्या रस्त्याला लागलं की तासाभरात येतं. तालुका कळमनुरी, जिल्हा हिंगोली. आम्ही शाळेत होतो तेव्हा जिल्हा परभणी लिहायचो; हिंगोली जिल्हा १ मे १९९९ ला वेगळा झाला, म्हणजे तोही आपल्या सोसायटीच्याच वयाचा. आता त्या भागात रस्त्याच्या दोन्ही अंगाला केळीच्या बागा दिसतात. गावात स्लॅबची घरं झाली, पत्र्याची झाली. पण जुन्या गल्लीत शिरलं की जाड भिंतींची, सपाट छपराची, बाहेरून खिडकी नसलेली घरं अजून आहेत. काही नांदती, काहींना कुलूप.

मागच्या आठवड्यात तिसऱ्या मजल्यावरच्या एका मुलानं मला विचारलं, "काका, मातीचं छप्पर पावसात विरघळत नाही का?" प्रश्न अगदी बरोबर आहे. विरघळतंच. तरी घर शंभर-शंभर वर्षं टिकतं. ते कसं, हे समजून घ्यायचं तर आधी माती समजून घ्यावी लागते.

आपल्या मराठवाड्यात मातीच्या दोन जाती माणसाच्या तोंडात बसलेल्या आहेत, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेत, पांढरी म्हणजे गाव. काळी पिकवते, पांढरी वसवते. जुन्या लोकांच्या बोलण्यात गावाला नुसतं "पांढरी" म्हणायचे. हे बोलणं उगाच नाही. काळी कापसाची माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगा पडतात. त्या भेगेत हात जातो, कधी कोपरापर्यंत जातो. असल्या मातीची भिंत घातली तर पहिल्याच वर्षी तडकेल. पांढरी मात्र फुगत नाही. चुनखडीची, क्षाराची, आणि गावठाणात तर शेकडो वर्षांच्या पडलेल्या भिंती, राख, शेण यांची मिळून झालेली ही माती. घर पडलं की त्याच मातीचं नवं घर त्याच जागी उभं राहायचं. म्हणून जुनी गावं टेकाडावर दिसतात. ते टेकाड म्हणजे त्या गावाच्या आधीच्या घरांची माती. पैठण, तेर, भोकरदन इथं संशोधकांनी खणलं ते असल्याच पांढरीच्या टेकाडांत, आणि खाली सातवाहनांच्या काळापर्यंतची वस्ती सापडली.

आता घरात चला. दारातून आत गेलं की आधी ढाळज. दाराच्या दोन्ही अंगाला उंच ओटे आणि मधून वाट. आल्या-गेल्याला बसायला, सालदाराला टेकायला, म्हाताऱ्या माणसाला दिवसभर गल्ली बघायला हीच जागा. ढाळजेतून वळून मग चौक. वळून, कारण बाहेरच्याची नजर सरळ आत जाऊ नये. चौकाच्या भोवती ओसरी, एका अंगाला गोठा, समोर माजघर, माजघराच्या पोटात देवघर आणि स्वयंपाकाची खोली. बाहेरच्या भिंतीला खिडकी नाही. उजेड आणि वारा घ्यायचा तो चौकातून. दरोड्याची भीती होती, उन्हाची त्याहून जास्त होती. मे महिन्यात आपल्याकडं पारा ४२-४३ ला जातो. दोन-अडीच फूट जाडीच्या भिंतीला दुपारचं ऊन आत पोचवायला रात्र लागते, आणि तोवर माणसं माळवदावर झोपायला गेलेली असतात.

माजघरात अंधार वाटेल म्हणून छपराला एक भोक ठेवलेलं असतं. आमच्याकडं त्याला सवणं म्हणतात, काही गावांत सानं म्हणतात. त्यातून उजेडाचा एक गोल खाली पडतो आणि चुलीचा धूर वर जातो. पाऊस आला की वर जाऊन त्यावर झाकण टाकायचं, हे काम घरातल्या पोरांचं. भिंतीत देवळ्या, खुंट्या, कोनाडे. धान्याला बळद, म्हणजे भिंतीच्या आत बांधून काढलेली धान्याची कोठडी. भिंत जाड असल्यामुळं तिच्या पोटात संसार मावायचा.

आणि या सगळ्याच्या वर माळवद. कुणी धाबं म्हणतं. त्याची रचना खालून वर सांगतो. जमिनीत दगडी तळखडा, त्यावर लाकडी खांब. खांबावर तुळई. दोन खांबांमधल्या जागेला खण म्हणतात, आणि घर खणांत मोजतात. "किती खणांचं घर आहे?" असं सोयरीक जमवताना विचारायचे. तुळईवर आडव्या कड्या. कड्यांवर फळ्या किंवा फोडलेल्या लाकडाच्या चिपा. त्यावर लिंबाचा किंवा दुसरा कडू पाला, म्हणजे वाळवी लागत नाही. पाल्यावर चिखल, चिखलावर माती चोपून, आणि सगळ्यात वर पांढरी. पाणी जायला थोडा उतार आणि कडेला पन्हाळ.

त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर या शेवटच्या थरात आहे. खारी पांढरी माती भिजली की तिचे बारीक कण सुटतात आणि खालची छिद्रं बुजवून टाकतात. वरची बोटभर माती चिखल होते, पण तिच्या खाली पाणी उतरत नाही. क्षारामुळं तिच्यावर गवतही कमी उगवतं. म्हणजे छप्पर थोडं विरघळून स्वतःला वाचवतं. यासाठी लोक गावच्या पडक्या गढीची माती गाड्या भरून आणायचे. मराठवाड्यातल्या कितीतरी गढ्या अशा माळवदांवर जाऊन संपल्या.

पण विरघळलेली माती पुन्हा टाकावी लागते. म्हणून दर वर्षी मिरगाच्या आत माळवदाचं काम. आमच्या घरी आजी दहा-पंधरा दिवस आधीपासून सगळ्यांच्या मागं लागायची. आधी गवत मुळासकट उपटायचं. मुंग्यांची, उंदरांची भोकं बुजवायची. पन्हाळं साफ करायची. मग पांढरी पसरायची, पाणी शिंपडायचं, चोपायचं. हे केलं तर घर कोरडं, नाही केलं तर श्रावणात ताटात पाणी. भर पावसात गळलंच, तर घरातलं कुणीतरी डोक्यावर पोतं घेऊन, हातात कंदील घेऊन वर जायचं आणि जिथं गळतं तिथं पायानं माती दाबायचं. हे घर एकदा बांधलं आणि झालं, असं नव्हतं. ते दर वर्षी थोडं थोडं बांधावं लागायचं.

आमच्या भागात घराचा दुसरा एक प्रकार आहे, त्याविषयी दोन शब्द सांगतो. शेतातला आखाडा. दुसरीकडचे लोक आखाडा म्हटलं की कुस्ती समजतात, पण हिंगोली-परभणी-नांदेडकडं आखाडा म्हणजे शेतातलं खोपट, गुरं, कडबा, औतं आणि राखणीला माणूस. आमच्या जवळचं मोठं गावच आखाडा बाळापूर. आखाड्याला बाभळीचे खांब, वर तुराट्या-पळाट्या आणि गवत, आता पत्रा. दोन-चार वर्षांनी मोडतो आणि पुन्हा उभा करतात. त्याला कुणी वास्तुकला म्हणणार नाही. पण त्याचं छप्पर हलकं असतं, एवढं लक्षात ठेवा. पुढं त्याचं काम आहे.

जगात इतरत्रही शेतकऱ्यानं असाच विचार केलेला आहे. ब्रिटनमधल्या वेल्स प्रांतात जुनी लांबट शेतघरं आहेत. एकाच छपराखाली, एका टोकाला माणसं आणि दुसऱ्या टोकाला गुरं. तिथं थंडी फार, त्यामुळं गुरांची ऊब घराला मिळायची. भिंती आपल्यासारख्याच जाड दगडाच्या, फक्त छप्पर उतरतं, कारण पाऊस सतत. कार्डिफजवळ सेंट फॅगन्स इथं १९४८ साली त्यांनी एक संग्रहालय सुरू केलं. गावोगावची अशी जुनी घरं उतरवायची, दगड-लाकडावर खुणा करायच्या, आणि संग्रहालयाच्या आवारात पुन्हा जशीच्या तशी उभी करायची. त्यातल्या काही घरांतून शेकोटीही पेटवतात. घर बंद राहिलं की ओल धरतं, लाकूड सडतं, हे त्यांना ठाऊक आहे. आपल्या आज्यांनाही ठाऊक होतं. चुलीचा धूर लाकडाला किडीपासून राखायचा. कुलूप लागलं, धूर थांबला, मिरगाचं काम थांबलं, की पाच-सात पावसाळ्यांत तुळई बसते. आपल्या गावांतल्या कुलूपबंद घरांचं आज तेच चाललं आहे.

इथवर ऐकून तुम्हाला वाटेल, हे काका जुन्या घराची आरती ओवाळायला उभे राहिलेत. तसं नाही. कारण या घराची दुसरी बाजूही मला माहीत आहे, आणि ती सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही.

३० सप्टेंबर १९९३. गणेश विसर्जनाची रात्र उलटून पहाटेचे चार वाजत आले होते. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांच्या सीमेवर किल्लारीचा भूकंप झाला. क्षमता ६.२. जगातल्या मोठ्या भूकंपांच्या मानानं हा काही फार मोठा नव्हता. पण जवळपास ८ हजार माणसं गेली. ती कशानं गेली? जमीन फाटून नाही. ती घराखाली गेली. आणि ती घरं आमच्या डोंगरकड्याच्या घरासारखीच होती. जाड दगडी भिंती, मातीचा सांधा, वर माळवद.

बांधकामाचा माणूस म्हणून मी यावर बराच विचार केला आहे. दोष दोन ठिकाणी होता.

एक भिंतीत. आपली जाड भिंत दिसते एक, पण असतात दोन. बाहेरच्या तोंडाला दगडांची एक रांग, आतल्या तोंडाला दुसरी, आणि मध्ये कपच्या आणि चिखल. दोन्ही रांगांना एकमेकींना धरून ठेवणारा आरपार दगड नसेल, तर भिंत हलली की दोन रांगा दोन दिशांना सुटतात. बाहेरची गल्लीत पडते, आतली झोपलेल्या माणसावर.

दुसरा दोष छपरात. आणि आज मला जे सांगायचं आहे ते इथं आहे. पांढरी दर वर्षी टाकायची, हे चांगलं. पण गळालं की आणखी टाकायची, बापानं टाकली त्यावर मुलानं, त्यावर नातवानं. वाहून गेली त्यापेक्षा जास्त टाकली गेली. वरचं खरवडून, उतरवून, वजन कमी करून मग नवा थर द्यायचा, एवढा त्रास कोण घेणार? किल्लारी भागातल्या माळवदांवर एक फुटापासून अडीच फुटांपर्यंत माती होती. जरा हिशोब करू. एक घनफूट माती कोरडी असताना साधारण ४५ किलो. दहा बाय दहाची खोली म्हणजे १०० चौरस फूट. त्यावर एक फूट माती म्हणजे ४५ क्विंटल. दोन फूट म्हणजे ९० क्विंटल, ९ टन. पावसात भिजली तर आणखी जास्त. एका खोलीच्या डोक्यावर सोयाबीनची नव्वद पोती, प्रत्येक क्विंटलाचं! आणि ती पोती एका दिवसात नाही चढवली. तीन-चार पिढ्यांनी घमेल्या-घमेल्यानं चढवली. प्रत्येक घमेलं चढवणारा घराचं भलंच करत होता.

त्याच भूकंपात आणखी एक गोष्ट दिसली. कितीतरी घरांत भिंती पडल्या, पण छप्पर भिंतीवर नसून लाकडी खांबांवर होतं म्हणून सांगाडा उभा राहिला आणि आतली माणसं वाचली. म्हणजे जुन्या सुताराची खणांची पद्धत खोटी नव्हती. जिथं लाकूड महाग झालं, खांब कमी झाले आणि तुळया सरळ भिंतीत खुपसल्या, तिथं घात झाला. म्हणून "जुनं ते सोनं" हेही खरं नाही आणि "मातीचं घर म्हणजे मरण" हेही खरं नाही. घराचा कोणता भाग काय काम करतो आणि त्याच्यावर किती ओझं आहे, हे बघावं लागतं.

भूकंपानंतर ५२ गावं पूर्णपणे नव्या जागी वसवली गेली. सरळ रस्ते, एकसारखी घरं. सुरक्षित होती, ते महत्त्वाचं होतंच. पण ढाळज नाही, चौक नाही, गुरांना जागा नाही, शेजाऱ्याच्या माळवदावरून आपल्या माळवदावर जाणारी वाट नाही. लोकांनी हळूहळू त्या घरांना पुढं ओसरी काढली, मागं गोठा काढला. घर लोक आपल्या रीतीनं पुन्हा बांधत राहतात.

किल्लारी तशी लांब. पण २०२४ साली ही गोष्ट आमच्या दारात आली. २१ मार्चला सकाळी सहा वाजून गेले असताना हिंगोली जिल्ह्यात ४.५ क्षमतेचा धक्का बसला, आणि पाठोपाठ दुसरा लहान. पुन्हा १० जुलैला सकाळी सव्वासातच्या सुमारास तेवढ्याच क्षमतेचा. त्याचं केंद्र कळमनुरी तालुक्यात रामेश्वर तांड्याजवळ होतं. इथं नांदेडातही हे धक्के जाणवले. आपल्यापैकी बरेचजण पायजम्यावर खाली धावले होते, आठवत असेल. वसमत-कळमनुरी-औंढ्याकडच्या गावांत जमिनीतून गूढ आवाज येतात, हे तर लोक कित्येक वर्षं सांगत आहेत. किल्लारीच्या मानानं हे धक्के अगदी लहान. त्या भूकंपाची ऊर्जा यांच्या शेकडो पट होती. तरी प्रशासनानं त्या वेळी लोकांना एक साधी सूचना केली: पत्र्यावर आधाराला ठेवलेले दगड काढून घ्या. मला ती सूचना फार मोलाची वाटते. डोक्यावरचं ओझं कमी करा, एवढाच तिचा अर्थ. म्हणून मघाशी म्हटलं, आखाड्याचं हलकं छप्पर लक्षात ठेवा.

ज्यांची गावाकडं अशी घरं आहेत, त्यांच्या घरोघरी सध्या एकच वाद आहे. पाडायचं की ठेवायचं? आमच्याही घरी आहे. एक भाऊ म्हणतो, पाडून स्लॅब टाकू. दुसरा म्हणतो, आजोबांची खूण आहे, हात लावायचा नाही. मी दोघांनाही सांगितलं आणि तुम्हालाही सांगतो: तिसरा मार्ग आहे, तो म्हणजे घर हलकं करून ठेवणं. किल्लारीनंतर उभ्या राहिलेल्या घरांची दुरुस्ती याच तत्त्वावर करायला शिकवलं गेलं. १९९३ सालीच भारतीय मानक संस्थेनं मातीच्या बांधकामासाठी १३८२७ आणि दगड-मातीच्या कमी ताकदीच्या बांधकामासाठी १३८२८ अशी दोन मानकं काढली. त्यांच्यातलं आणि त्या दुरुस्तीच्या कामातलं मुख्य ते सोप्या भाषेत सांगतो.

माळवदावरची माती उतरवून सहा-आठ इंचांवर आणायची, आणि पाणी अडवायला मातीच्या थरात जाड प्लास्टिकचा कागद घालायचा. भिंतीत दर दोन फूट उंचीला, आणि आडव्या अंतरात चार फुटांच्या आत एक, असा आरपार दगड बसवायचा. आरपार दगड मिळाला नाही तर तिथं भोक करून लोखंडी गज आणि काँक्रीट भरायचं. खांब आणि तुळई यांच्या कोपऱ्यात तिरके लाकडी आधार द्यायचे, म्हणजे सांगाडा एका बाजूला लवंडत नाही. भिंतीच्या माथ्यावर घराला चारही बाजूंनी बांधून ठेवणारा पट्टा घालायचा. आणि एक गोष्ट कधीही करायची नाही: जुन्या मातीच्या भिंतींवर सिमेंटचा स्लॅब टाकायचा नाही. स्लॅब पक्का, म्हणून घर पक्कं, असं लोकांना वाटतं. पाया काळ्या मातीत, भिंत चिखलाची आणि डोक्यावर स्लॅब, हे माळवदाहून वाईट. यातलं कुठलंही काम जाणत्या इंजिनिअरला घर दाखवल्याशिवाय करू नका. एकाच वेळी सगळी भिंत उघडू नका. आणि घर पाडायचंच ठरलं, तर पाडण्याआधी दोन दिवस काढून त्याची मापं घ्या, फोटो काढा, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला प्रत्येक भागाचं नाव विचारून लिहून ठेवा. लाकूड विकलं जाईल, दगड पायात जाईल. शब्द तरी राहू द्या.

आता आपल्या गच्चीवर येतो.

तुम्ही म्हणाल, आपली इमारत आरसीसीची, इथं माळवद कुठलं? गच्चीवर चला म्हणजे दाखवतो. इमारत झाली तेव्हा गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा होता. काही वर्षांनी वरच्या मजल्यावर ओल आली, तेव्हा तो न काढता त्यावर दुसरा थर दिला. आता पुन्हा ओल आली आहे. येत्या सर्वसाधारण सभेपुढं दोन प्रस्ताव आहेत. एक, आहे त्यावरच तिसरा थर. खर्च कमी, काम आठवड्यात. दुसरा, जुने दोन्ही थर फोडून काढायचे, स्लॅब तपासायचा, आणि एकच नवा हलका थर करायचा. खर्च जवळजवळ दुप्पट, धूळ, आवाज, महिनाभराचा त्रास.

पुन्हा हिशोब करू. कोब्याचा साडेचार इंचांचा एक थर म्हणजे चौरस फुटाला साधारण २० किलो. समजा गच्ची ३ हजार चौरस फुटांची आहे. एक थर म्हणजे ६० टन. तीन थर म्हणजे १८० टन. इमारतीचं गणित करताना त्या इंजिनिअरनं एक थर धरला असेल, तीन धरलेले नसतात. शिवाय वर आपण नंतर बसवलेल्या पाण्याच्या टाक्या, सोलर, कुणाच्या कुंड्या, कुणाच्या उरलेल्या फरश्या. प्रत्येकानं आपापलं घमेलं चढवलेलं आहे, आणि प्रत्येकाचा हेतू चांगलाच होता.

आदर्श उपविधींत काही गोष्टी सांगितलेल्या आहेत, त्या आपण वाचतो आणि विसरतो. इमारत १५ ते ३० वर्षांची असेल तर दर ५ वर्षांनी संरचनात्मक तपासणी, म्हणजे आपण ज्याला स्ट्रक्चरल ऑडिट म्हणतो ते. ३० वर्षांच्या पुढं दर ३ वर्षांनी. दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वर्षाला ०.७५ टक्के, आणि सिंकिंग फंड ०.२५ टक्के. मासिक बिलात हे आकडे दिसले की आपण कमिटीवर चिडतो. पण ही आपली पांढरी आहे. आजीच्या काळी ती मिरगाच्या आत टाकायची, आपण ती दर महिन्याला टाकतो. ती टाकली नाही तर गळतं. आणि नुसती टाकतच राहिलो, जुनं कधी उतरवलंच नाही, तर काय होतं ते किल्लारीनं दाखवलं आहे.

मी भीती घालत नाही. आपली इमारत चांगली बांधलेली आहे, लवकर काही होणार नाही. पण २५ वर्षांचं घर हे असं वय आहे, की आता केलेलं काम पुढची २५ वर्षं ठरवतं. आपल्यातले अर्धे लोक तेव्हा नसतील. तिसऱ्या मजल्यावरचा तो मुलगा असेल, त्याचा संसार असेल. त्याच्या डोक्यावर किती टन ठेवायचे, हे ठरवणारे आज आपण आहोत.

म्हणून माझं मागणं एवढंच: सभेत दुसऱ्या प्रस्तावाला हात वर करा. ज्यांना एकदम पैसे भरणं जड आहे, त्यांच्यासाठी हप्ते करून द्यावेत, अशी माझी कमिटीला विनंती आहे. पेन्शनवर जगणारी मंडळी आपल्यात आहेत, त्यांच्या डोक्यावरही ओझं नको. आणि आधी तपासणी, मग काम, हा क्रम सोडू नका.

सर्वसाधारण सभा कायद्यानं ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते. तारीख लक्षात ठेवायला मला वेगळं काही करावं लागत नाही.

रौप्यमहोत्सवाच्या सगळ्यांना शुभेच्छा. मुलांना माळवद बघायचं असेल, तर दिवाळीच्या सुट्टीत डोंगरकड्याला घेऊन जाईन. सवण्यातून उजेड कसा पडतो, ते सांगून कळत नाही.